पुरात आलेलं खोड

पूर ओसरल्यावर नदीकाठी अडकलेलं कडुनिंबाचं खोड मी ट्रॅक्टरने ओढून घरी आणलं, तर आई फाटकातच आडवी आली. "मसनातलं वाहून आलं असंन. अंगणात आणू नोको."

वरच्या गावाचं स्मशान नदीलाच लागून आहे, त्यामुळे मलाही छातीठोक काही सांगता येईना. चिडून मी फाटकाबाहेरच मशीनने फळ्या पाडायला लागलो. तिसऱ्या फळीला करवत कर्रकन अडली आणि दात तुटले. शिव्या घालत खोड फोडलं, तर लाकडाने गिळलेली, बैल बांधायची गंजकी कडी निघाली.

आईने ती चाचपली. "हे त गोठ्यातलं झाड हाय."

मला एवढं हायसं वाटलं की करवतीचा राग विसरून मी फळ्या आत न्यायला लागलो.

"रुंद फळ्या बाजूले ठेव," मागून आई म्हणाली. "मले पलंग पाह्यजे."