खांबामागची खुर्ची

तानूबाई कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी बोटाच्या पेराने ठोकून बघत असे. घागर आणि नारळ सगळेच ठोकतात. ही बाई दार ठोकी, भिंत ठोकी, नवा ढोलकीवाला आला तर ढोलकीच्या आधी त्याची पाठ ठोकून बघे. माझ्या वखारीत पहिल्यांदा आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकावर ओरडत होतो. तिने माझ्या बैठकीजवळच्या गल्ल्याच्या पेटीवर टकटक केलं, कान दिला आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "भरलेली हाय की गं! मग शेट येवढं का बोंबलाय लागल्यात?"

जुन्या इमारती पाडायच्या आणि त्यातून निघालेल्या तुळया, कड्या, पत्रे विकायचे, हा माझा धंदा. सांगोल्याहून एका घोंगडीवर सोलापुरात आलो, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली केली, आणि पुढे स्वतःची वखार उभी केली. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. मला फसवणं सोपं नव्हतं, एवढं वाचणाऱ्याच्या ध्यानात यावं म्हणून लिहितो. मला एकाच माणसाने फसवलं, तेही बारा वर्षं, आणि त्याची तक्रार मी अजून सोडलेली नाही.

तानूबाई मूळची मोडनिंबची. गाणं-नाचणं घरातलंच. सोलापुरात ती दुसऱ्याच्या थिएटरात संगीतबारी करी, म्हणजे समोर बसलेल्या लोकांच्या फर्माइशीप्रमाणे लावण्या म्हणे. आधी बसून अदा करून, मग उभी राहून नाचून. तिथल्या मालकाशी तिचं बिनसलं. "गळा माझा, पाय माझं, आन् पाटी त्याच्या नावाची!" असं म्हणून ती तिथून उठली आणि एका गिरणीमागे पडून राहिलेलं कापसाचं गोदाम भाड्याने घेतलं. भिंती धड होत्या, छप्पर खचलं होतं. त्यासाठी तिला लांब तुळया हव्या होत्या, आणि एवढ्या लांबीच्या तुळया सोलापुरात फक्त माझ्याकडे होत्या.

तीन दिवस सौदा चालला. मी ओरडलो, ती हसली. मी उठून गेलो, ती बसून राहिली आणि माझाच चहा प्यायली. शेवटी ती म्हणेल त्या भावाच्या जवळपास मी आलो, पण एक अट घातली: थिएटर चालेल तोवर तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची माझी, बिनतिकिटाची. पहिली रांग का नाही, असं कोणी विचारील. पहिल्या रांगेत रंगमंचावरच्या दिव्याचा उजेड तोंडावर पडतो आणि कोण आलंय ते गावाला कळतं. तिसरी रांग अब्रूदार लोकांची.

अट घालताना, माझ्याविषयी गैरसमज नको म्हणून मी म्हणालो, "बाई, एक सांगून ठेवतो. नाच बघायला येणाऱ्यांतला मी नव्हे. मला गाण्याचा कान आहे. मी ऐकायला येणार."

हे वाक्य त्या काळी सोलापुरातला प्रत्येक प्रतिष्ठित माणूस बोलत असे. वकील म्हणत, आम्ही ठेक्यासाठी जातो. शाळेचे मास्तर म्हणत, जुनी शब्दकळा ऐकायला मिळते. पेठेतले एक सराफ म्हणत की त्यांना वैद्याने लावणी ऐकायला सांगितली आहे. डोळे घेऊन थिएटरात कोणीच जात नव्हतं.

तानूबाईने चहाचा कप खाली ठेवला. "फकस्त ऐकाय येणार न्हवं?"

"फक्त ऐकायला."

"सबूद द्या."

"दिला."

"मग झालं," असं म्हणून ती उठली आणि तुळया ठोकत निघाली. चौथ्या तुळईशी थांबली. त्या तुळईला मध्ये जोड होता. पाडताना ती मोडली होती. मी लोखंडी पट्ट्या आवळून, वरून डांबर फासून ती अखंड केली होती. तानूबाईने या टोकाला ठोकलं, त्या टोकाला ठोकलं, मग मध्ये ठोकून कान लावला. जोडाचं नावही न काढता तिने पैसे चुकते केले आणि गेली. एवढी ठोकणारी बाई, पण डांबराने फसली, म्हणून त्या दिवशी मी वखारीतल्या माणसांना भजी खाऊ घातली.

थिएटर सुरू झालं त्या दिवशी मी नवा कोट आणि रेशीमकाठी धोतर घालून गेलो. गिरणीचा भोंगा होऊन पाळी सुटली होती, मागच्या बाकांवर माणूस मावत नव्हता. माझी खुर्ची झाडून पुसून ठेवली होती, आणि तिच्या समोर, हाताच्या अंतरावर, एक खांब उभा होता. चांगला कवेत न मावणारा. हिरवा रंग, वरच्या टोकाला पत्र्याची नक्षीदार झालर. दोनशे माणसांच्या त्या थिएटरात तो खांब एकाच माणसाच्या आड येत होता.

मी ताडकन उठलो. राग आला की माझ्या तोंडी सांगोल्याची भाषा येते. "ह्यो खांब कुणी लावला हितं?"

तानूबाई नऊवारीच्या निऱ्या सावरत खाली आली. हळू आवाजात म्हणाली, "शेट, बारीक बोला. तुमच्या तुळईला जोड हाय. एका लाकडात दोन आवाज निगत्यात. खाली खांब न्हाय दिला तर छप्पर लोकांच्या डोस्क्यात यील. समद्यास्नी सांगू का, खांब का लावलाय त्ये?"

मी बसलो.

बारा वर्षं मी त्या खुर्चीत बसलो. उजवीकडे वाकून पाहावं, तर शेजारी एक फौजदारी वकील बसत. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं की ते समोरची नजर न हलवता विचारत, "शेट, तुम्ही ऐकायला येता ना?" डावीकडे वाकावं, तर तिकडे मधली जाण्यायेण्याची वाट होती आणि येणारा-जाणारा माझ्या टोपीला धक्का देई. खुर्च्या एका लांब फळीवर खिळे मारून बसवलेल्या, त्यामुळे सरकवायची सोय नव्हती. तिकीट काढून दुसरीकडे बसता आलं असतं. पण फुकट मिळवलेली खुर्ची सोडून तिकीट काढायचं म्हणजे मी सौद्यात हरलो असं कबूल करणं. तरी एकदा मोह झाला. गुपचूप तिकीट काढून पाचव्या रांगेत जाऊन बसलो. तानूबाई नाचायला उभी राहिली, तिची नजर माझ्यावर गेली, आणि तिने हात वर करून ढोलकी थांबवली.

"मंडळी, आज शेटनी तिकीट काडलंया! बारा म्हैने ऐकून ऐकून कान दुकाय लागल्यात जणू. आज बगाय आल्यात!"

पत्रे हलतील एवढा हशा झाला. सर्वांत मोठ्याने वकील हसले. मी उठलो, तिकीट फाडलं आणि खांबामागे जाऊन बसलो. पुन्हा तो विषय काढला नाही.

आता खांबाकडे पाहत बसण्यालाही एक मर्यादा असते. दुसऱ्या वर्षी त्याच्यावरचे रंगाचे पोपडे मला तोंडपाठ झाले, तेव्हा नाइलाजाने मी ऐकू लागलो. मनापासून नव्हे, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हळूहळू मला कळायला लागलं की ती मान वळवून गाते तेव्हा आवाज कसा कडेने येतो. खोटं हसू आणि खरं हसू यांत श्वासाचा फरक असतो. समोर एखादा पैसेवाला बसला की ती शब्द लांबवते, आणि मागच्या बाकावरच्या विणकरांसाठी गाते तेव्हा तोडून गाते, कारण दिवसभर मागाच्या खडखडाटात राहिलेल्या कानांना लांबवलेलं ऐकू येत नाही. तिच्या पायांतले चाळ तर मी हिशेबाच्या वहीसारखे वाचू लागलो.

एके दिवशी ती नेहमीसारखी नाचली. लोकांनी टोप्या उडवल्या, वकिलांनी एका लावणीची तीनदा फर्माईश केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्र्याचे खिळे घ्यायला वखारीत आली आणि नेहमीप्रमाणे भावावरून भांडू लागली. मी मध्येच म्हणालो, "डाव्या पायाला काय झालंय?"

तिने हातातली खिळ्यांची पुडी खाली ठेवली.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? डावा चाळ उशिरा पडत होता. गिरकीनंतर तर दोनदा पडलाच नाही."

"टाच फुटलीया," ती म्हणाली. "दोनशे माणूस म्होरं बसलं हुतं, शेट. डोळं फाडून बसलं हुतं. एकाला दिसलं न्हाय." मग तिने मी सांगितलेल्या भावात खिळे घेतले. आमच्या ओळखीत असं एकदाच घडलं. मला वाटलं, आता खांब हलेल. संध्याकाळी गेलो, तर त्याला नवा हिरवा रंग दिला होता.

तक्रार तरी कोणाकडे करणार? खांब माझ्याच तुळईमुळे उभा होता. जोडाची तुळई अखंड म्हणून विकली, हे पाप माझं होतं. आणि मला रोज त्या पापासमोर बसवून ती बाई गात होती. "कसं हाय शेट, छप्पर धरलंय न्हवं?" असं ती जाता-येता विचारी आणि खांबावर टकटक करी. मी मान खाली घाली. धंद्यात मान खाली घालायची मला सवय नव्हती.

मग बोलपट आले. पडद्यावरच्या बाया गाऊ लागल्यावर गोदामाच्या मालकाने भाडं वाढवलं आणि जागा एका सिनेमावाल्याला देऊन टाकली. तानूबाईचा शेवटचा खेळ झाला त्या दिवशी तिने पहिल्या रांगेच्याही पुढे, मधोमध, एक गादीची खुर्ची ठेवली आणि सगळ्यांदेखत मला बोलावलं. "या शेट. आज हितं बसा. एकडाव बगून घ्या."

"करारात तिसरी रांग आहे," मी म्हणालो आणि खांबामागे बसलो. ती जोरात हसली. ते खरं हसू होतं. दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन मोडनिंबला गेली.

आठवड्याने सिनेमावाल्याने मला बोलावलं. पडद्याच्या आड येतो म्हणून त्याला खांब काढायचा होता, आणि छप्पर खाली येईल अशी भीती होती. पाडकाम माझा धंदा, आणि जोडाचं गुपितही मलाच ठाऊक, म्हणून छप्पर सावरण्याचं काम माझ्याच गळ्यात. मी टेकू लावले, दोर बांधले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि सुताराला शिडीवर चढवलं. त्याने पत्र्याची झालर उचकटली आणि वरून ओरडला, "मालक, ह्ये काय हाय वो? हितनं माजा हात जातुया की!"

मी स्वतः चढलो. खांबाचं डोकं आणि तुळई यांच्यामध्ये तीन बोटं जागा होती. खांब कशालाही लागलेला नव्हता. बारा वर्षं त्याने फक्त पत्र्याची झालर उचलून धरली होती. आणि माझी तुळई, तो डांबर फासलेला जोड, एका सुताएवढाही न वाकता सगळं छप्पर पेलत होता.

मला एवढा राग आला की शिडीवरून उतरलो तो थेट मोटारीच्या अड्ड्यावर गेलो आणि मोडनिंबची सर्व्हिस मोटार धरली. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवलं. मालाची बदनामी केली, बारा वर्षं मला मान खाली घालायला लावली, वकिलाचे टोमणे ऐकवले. मोडनिंबला ती दारात बसून शेंगा फोडत होती. मला पाहून उठली नाही.

"खांब पाडला वाटतं," ती म्हणाली.

"तीन बोटं!" मी ओरडलो. शेजारच्या बाया बाहेर आल्या. "तीन बोटं जागा हाय वर! माजी तुळई सोळा आणे हुती आन् तुमी मला चोर ठरीवलं!"

"तुळई चांगली हाय, त्ये मला वाजवल्या दिशीच कळलं हुतं. जोड लई घट हाय. चांगली नस्ती तर घेतली असती का मी?"

"मग खांब कशाला लावला?"

"तुमी सबूद दिला हुता. फकस्त ऐकाय येणार म्हणून." तिने एक शेंग कानाशी हलवून पाहिली आणि फोडली. "गावातला समदा शाना माणूस मला त्येच सांगायचा. म्हटलं, एकाला तरी खरं करून दाकवावं. का? खोटं बोलला हुता व्हय तवा?"

शेजारणी माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात मी हजारो सौदे केले, पण एवढी अडचण कधी झाली नव्हती. हो म्हणालो तर खोटारडा, आणि नाही म्हणालो तर तक्रारच संपली.

"नाही," मी म्हणालो.

"मग बसा की. शेंगा खावा." मग पुढची शेंग फोडत ती म्हणाली, "दुसऱ्या साली काडणारच हुते मी त्यो. सुताराला सांगून बी ठिवलं हुतं. मग तुमी पायाचं बोलला. म्हटलं, ह्यो माणूस खरंच ऐकाय लागलाय. आता खांब काडला तर ह्यो बी समद्यांसारका बगाय लागंल. म्हणून रंग दिला."

मी शेंगा खाल्ल्या आणि परतीची मोटार धरली. पुढे दोन वर्षांनी ती गेल्याचं कळलं. तो खांब मी सिनेमावाल्याकडून घेऊन वखारीत आणून टाकला. गिऱ्हाइकं येतात, त्याचा भाव विचारतात, मी भांडून त्यांना घालवून देतो.

तक्रार मात्र सोडलेली नाही. कारण आता वय झाल्यावर त्या तिसऱ्या रांगेतली मंडळी मोठमोठी झाली आहेत. वकील सार्वजनिक कामांत आहेत, मास्तर नीतिपर व्याख्यानं देतात, सराफांनी देवळाला कळस दिला. तानूबाईचं नाव निघालं की तिघेही छातीवर हात ठेवून सांगतात की तिचा नाच आम्ही कधी पाहिलाच नाही. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. हेच मी सांगितलं की लोक हसतात. आणि अख्ख्या सोलापुरात हे खरं सांगणारा मी एकटाच आहे.