दुरुस्त केलेले एक वाक्य

विमलताई गेल्याची बातमी त्यांच्या मुलाने फोनवर दिली. “गुरुजी, आई पहाटे गेली,” एवढे सांगून तो लगेच म्हणाला, “जेवून निघा. इथं पोचेस्तोवर उशीर होईल.” अशा घटकेलाही समोरच्याच्या पोटाची काळजी करावी, हे वळण त्याला आईचेच. मी जव्हारहून निघालो तो उपाशीच... सूर्यमाळजवळच्या त्या पाड्यावर माझी शाळा आणि त्यांची अंगणवाडी एकाच भिंतीला टेकून होत्या. सतरा वर्षे भिंतीच्या अलीकडे मी पाढे घेतले. पलीकडे त्या, एखाद्या मुलाने घास तोंडात धरून ठेवला तर तो गिळेपर्यंत, न कंटाळता बडबडगीत म्हणत राहिल्या.

त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण ऐकीव गोष्ट आयांना कधी सांगत नसत. बाळाच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, आंबिलीत तेलाचा थेंब घालावा, हेसुद्धा त्यांनी आधी स्वतःच्या मुलावर पारखले होते. म्हणूनच पाड्यावर त्यांचा शब्द चाले. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी पर्यवेक्षिका एक पत्रक घेऊन आल्या. बाळांसाठी डब्यातली पूड बनवणाऱ्या एका कंपनीने ते तयार केले होते. त्या वर्षीच्या पोषण प्रशिक्षणाचे सभागृह, जेवण आणि सेविकांना वाटलेल्या छत्र्याही त्या कंपनीच्याच खर्चाने. मराठी अशुद्ध होते, म्हणून पत्रक माझ्याकडे तपासायला आले. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. एक वाक्य फारच अवघडलेले होते. ते मोडून मी नवे लिहिले : ‘घरच्या घासाने पोट भरते, बाळ वाढत नाही.’ लहान, तालबद्ध, सहज पाठ होणारे...

विमलताईंनी ते दोनदा वाचले. “गुरुजी, हे खरं आहे का?”

“तज्ज्ञांनी लिहिलंय. मी फक्त भाषा पाहिली.”

“तुम्ही पाहिलंय ना? मग झालं.”

त्यांनी ते घरोघर सांगितले. आरंभी डबे फुकट आले, नंतर दुकानात डबे आणि छोट्या पुड्या विकत मिळू लागल्या. आयांनी आंबील बंद केली होती. पूड पुरवून वापरायची म्हणून त्या चमचाभर पूड तांब्याभर पाण्यात कालवू लागल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाळांची वजने जिथल्या तिथे अडली, काहींची मागे सरली. विमलताईंनी ते पर्यवेक्षिकांच्या कानावर घातले. “वरून आलंय, ताई. तुम्ही कशाला मध्ये पडता?” असे उत्तर मिळाले. मग ‘आंबील पुन्हा सुरू करा’ असे सांगत त्या एकट्याच पुन्हा दारोदार फिरल्या. एकदा मीही सोबत होतो. ओट्यावर बसलेली एक आजी त्यांना म्हणाली, “बाई, तूच तं सांगलंस, आंबील नको.”

“चुकलं माझं, आजी.”

“मंग आज खरं बोलतेस कशावरून? पुढल्या साली आखीन फिरशील.”

भोवतालच्या बाया हसल्या. विमलताईही हसल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या. पत्रकाने कधी ‘चुकलं’ म्हटले नव्हते, म्हणून लोकांचा विश्वास पत्रकावर राहिला. वाक्य कुणाचे, हे विमलताईंना ठाऊक होते. माझे नाव त्यांनी कुणापुढेही घेतले नाही... आणि मीही ते कुणाला सांगितले नाही. छातीचे दुखणे अंगावर काढत त्या शेवटपर्यंत फिरत राहिल्या. त्यांचे ऐकून आंबिलीकडे परतलेली घरे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

अंत्यविधी आटोपल्यावर मी दुकानापाशी गाडीची वाट पाहत होतो. माझ्याच वर्गात शिकलेली एक मुलगी, आता कडेवर बाळ असलेली, दुकानदाराला म्हणाली, “शेठ, बाईची पुडी दे.” कोणती बाई, हे त्याने विचारले नाही. टांगलेल्या माळेतून त्याच कंपनीची एक पुडी तोडून पुढे केली.

मी म्हणालो, “पोरी, ही बाईंची नव्हे. बाईंनी तर ही सोडायला सांगितली होती.”

तिने पुडी उलटसुलट करून पाहिली. “सगला पाडा हेच नाव घेतो. बाईची नाही, मंग कोणाची, गुरुजी?”

षष्ठी विभक्ती मीच तिला शिकवली होती. उत्तर एका शब्दाचे होते : ‘माझी’... गाडी आली, आणि मी चढलो.