बोडीतली वाघीण

सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तेव्हाच वास आला. मोहफुलांचा. गोडसर, आंबूस, जरा डोक्यात जाणारा. या वासानं मन हरखतं, जंगल बोलावू लागतं वगैरे लिहिणारी माणसं असतात आणि ती बहुधा जंगलापासून फार लांब राहतात. आमच्या ब्रह्मपुरीत चैत्र लागला की हा वास जीपच्या टपावर असतो, बसच्या सीटखाली असतो, बाजारात शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कपड्यांत असतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला मात्र अलीकडे वाटतं. हा वास आला की माझ्या दुकानातल्या बाकावर एक माणूस येऊन बसतो. एरवी मनातल्या मनात बसतो, आज खराच बसला. गळ्यात दुपट्टा, मांडीवर कापडी पिशवी, आणि त्या पिशवीला, त्याच्या हातांना, सगळ्या अंगाला तोच वास. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "डोरे पाहून द्या, भाऊ. फोटो पुसट दिसून राह्यला."

कुठला फोटो, हे मला विचारावं लागलं नाही. तो फोटो एके काळी याच दुकानात, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारच्या खिळ्यावर लटकत होता.

माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर काचा पुसायच्या आणि सुटीच्या दिवशी पुन्हा काचेलाच डोळा लावून झाडाझुडपांत बसायचं. बायको म्हणायची, तुम्हाला हौससुद्धा धंद्यातलीच लागली. पण हौसेला मोल नसतं आणि गावात माझ्यासारखे आणखी चार-पाच खुळे निघाले. एक होमिओपॅथ डॉक्टर, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, वीज मंडळातला एक वायरमन, आणि अधूनमधून येणारे हौशे-नवशे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो. नियम बाईंनी घालून दिलेला होता: फोटो कागदावर छापून आणायचा. मोबाईलवर दाखवायचा नाही, पाठवायचा तर मुळीच नाही. आणि फोटो मधे ठेवला की त्यामागची गोष्ट सांगायची. सगळ्यांना आवडेल तो फोटो फ्रेम करून त्या खिळ्यावर जायचा आणि त्याच्याहून सरस फोटो येईपर्यंत तिथंच राहायचा. तिथं राहण्यासाठी आम्ही किती लटपटी केल्या असतील! खंड्याच्या चोचीतला मासा, धानाच्या बांधीत उतरलेलं धुकं, नागभीडच्या फलाटावर पेंगणारा हमाल. गोष्टी मात्र सगळ्यांच्या सारख्याच असत. किती वेळ दबा धरून बसलो, किती डास चावले, आणि शेवटी ऊन कसं अगदी हवं तिथं पडलं. फोटोमागची गोष्ट म्हणजे फोटो काढणाऱ्याची गोष्ट, यात आमच्यापैकी कुणाला कधी शंका आली नाही.

वायरमन आमच्यात सर्वांत गप्प आणि सर्वांत चांगला. खेड्यापाड्यांतून तारा दुरुस्त करत हिंडायचा, कॅमेरा अवजारांच्या पिशवीतच. त्या वर्षी मोहाच्या दिवसांत त्यानं जो फोटो आणला, तो पाहायला आम्ही सगळे जागा सोडून त्यावर वाकलो. बोडीचं पाणी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, धानासाठी पाणी धरून ठेवणारं. संध्याकाळचं तांबूस ऊन पाण्यावर सांडलेलं आणि त्या पाण्यात पोटापर्यंत बसलेली एक वाघीण. मान वर, डोळे अर्धे मिटलेले, कान टवकारलेले नाहीत, शेपटीचं टोक तेवढं पाण्याबाहेर. जगात काही घडतच नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. डॉक्टर म्हणाले, "काय तृप्त बसली आहे!" तोच शब्द आम्हा सगळ्यांच्या तोंडावर होता. वायरमननं गोष्ट सांगितली ती दोन वाक्यांत. एका गावची लाइन सुरू करून परतत होता, गाडी बंद पडली, ढकलत बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आला तर ही समोर. "मले पाहिलीन, आन डोरे मिटलीन," तो म्हणाला, आणि एवढं बोलूनच लाजला. फोटो खिळ्यावर चढला. मग जे जे फोटो आले, ते ते आपापल्या पायांनी परत गेले.

त्याच आठवड्यात पलीकडच्या एका गावात मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला वाघानं नेल्याची बातमी आली होती. आमच्याकडे ही बातमी दर साली येते. मोहाच्या दिवसांत येते, तेंदूपत्त्याच्या दिवसांत येते, सरपणाच्या दिवसांत येते. आपण अरेरे म्हणतो, किती मुलं होती विचारतो, आणि चहा गार होण्याआधी पितो. जंगलात वाघ काही एकच नाही. त्या बातमीचा आणि त्या खिळ्याचा काही संबंध असेल, हे माझ्या तरी डोक्यात आलं नाही, आणि का यावं?

मग उन्हाळा तापल्यावर एका रविवारी वायरमन आज बाकावर बसलेल्या या माणसाला घेऊन आला. हा अर्ध्या शटरखालून वाकून आत आला आणि यानं सगळ्यांना उभ्यानंच नमस्कार केला. ज्या बाईला वाघानं नेलं तिचा हा नवरा. त्याच्या घरची लाइन वायरमननंच जोडून दिलेली, ती ओळख. त्याला बसवलं. तो फरशीकडे पाहत, आम्हाला नाही, जणू फरशीलाच म्हणाला, "मांगच्या साली तुमी लायनीवाले भाऊसंगं आमच्या गावात आले होते. बाया मोहफुलं येचत होत्या, तव्वा फोटो काढले होते तुमी. त्याच्यात ती असन."

"तिचा दुसरा फोटो नाही का?" बाईंनी विचारलं.

"आधार कार्डावरचा हाये. तो तिच्यावानी दिसत नाई, बाई. तो कोनावानीच दिसत नाई."

आम्ही गेलो होतो खरे. पहाटेच गेलो होतो, पिवळ्या उन्हात झाडाखाली पिवळी फुलं, वेचणाऱ्या बायका, टोपल्या. आम्हाला वेड लागायची पाळी आली होती. प्रत्येकानं भरभरून फोटो काढले होते. मग काय, मिळणारच, या खात्रीनं आम्ही माझा संगणक लावला, बाई घरी जाऊन त्यांचा घेऊन आल्या, डॉक्टरांनी कॅमेऱ्याची जुनी कार्डं शोधून आणली. आणि एकेक फोटो उघडत गेलो तसतसे आमचे आवाज खाली जात गेले. पाठी. वाकलेल्या पाठी. पदर, अंबाडे, टोपल्यांच्या कडा, फुलं गोळा करणारे हात. चेहरा एकही नाही. कारण त्या दिवशी त्या बायका आमच्याकडे पाहून हसत होत्या, पदर सावरून उभ्या राहत होत्या, फोटोला राहतात तशा. आणि आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो, इकडे पाहू नका, तुमचं काम करा, म्हणजे फोटो खरा येतो. हौशी फोटोवाल्यांत हे पहिल्या दिवशी शिकवतात.

तो मात्र नेटानं पाहत होता. एका हिरव्या लुगड्यापाशी थांबला. "हे... नाई. हे माही वैनी होय." एका हाताच्या फोटोवर पुष्कळ वेळ थांबला, ओंजळीत फुलं, मागं सगळं धूसर. तो माझा फोटो, त्याचं तेव्हा फार कौतुक झालं होतं. त्यानं पडद्याजवळ तोंड नेलं, आणि मान हलवली. "तिच्या हाताले गोंदन होतं."

सगळे फोटो संपले. बाई संगणकामागे तोंड लपवून डोळे पुसत होत्या. तो उठला. "काही हरकत नाई," म्हणाला. आम्हालाच धीर द्यायची वेळ त्याच्यावर आली होती. दुपट्टा खांद्यावर टाकून वळला आणि समोर तक्त्याशेजारचा फोटो त्याला दिसला. तो जवळ गेला. बोट लावलं नाही, हात मागे बांधून पाहत राहिला.

"ही आमच्या बोडीची पार दिसते."

तो वायरमनकडे वळला.

"कव्वाचा होय, भाऊ?"

वायरमन खोटं बोलू शकला असता. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो. पण त्यानं खरं ते सांगितलं: तुमच्या गावची लाइन बाहेरच्या खांबावरूनच सुरू करून निघालो त्या संध्याकाळचा, गावात शिरलोच नाही, बोभाटा झालेला मला दुसऱ्या दिवशी कळला. म्हणजे त्याच दिवशीचा. सकाळी ती बाई गेली त्या दिवशीचा. आम्ही सगळे त्या वाघिणीच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत होतो, आणि डॉक्टरांचा तो 'तृप्त' शब्द दुकानात कुठंतरी लोंबत होता.

"आमचे म्हातारे सांगतेत," तो सावकाश म्हणाला, "वाघानं नेला तो वाघासंगंच फिरते. मंग ती याच्यातच असन." आणि जरा वेळानं, "हाच द्या मले."

वायरमननं खुर्चीवर चढून फोटो खिळ्यावरून उतरवला. त्या माणसानं तो दुपट्ट्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेला. त्या दिवशी चहा कुणीच मागवला नाही.

त्या फोटोची खरी गोष्ट आम्हाला अशी कळली. त्यानंतर आमची बैठक दोनदा-तीनदा भरली असेल, पण कुणी गोष्ट सांगायला तोंड उघडलं की त्याला पुढं बोलवेना, आणि ऐकणाऱ्यांनाही नको वाटे. वायरमननं बोडीतले सगळे फोटो कार्डावरून आणि संगणकावरून पुसून टाकले. मले पाहवत नाई, म्हणाला, आणि कॅमेरा कुणाला तरी देऊन मोकळा झाला. पुढं वनखात्यानं त्या भागातली एक वाघीण पिंजऱ्यात घालून नेली. ती हीच की दुसरी, हे अंगावरचे पट्टे ताडून पाहिले असते तर कळलं असतं. पण ताडायला फोटो राहिला होता एकच, आणि तो मागायला जाण्याची छाती कुणाची नव्हती. डॉक्टर आता फुलांचेही फोटो काढत नाहीत. खिळा तेवढा तसाच आहे.

मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. कुरखेड्याला एका शिबिरात चष्मे वाटून परतताना वाट वाकडी केली. सारवलेली, नीटनेटकी भिंत आणि दाराच्या बरोबर समोर तो फोटो. फ्रेमच्या काचेला हळदीचं बोट लावलेलं, खाली पानावर ताजी मोहफुलं. दारातून दुपारचं ऊन सरळ आत येत होतं आणि फोटोवर पडत होतं. काचेचा धंदा असलेल्या माणसाला ते दिसल्यावाचून कसं राहील? म्हटलं, "याला ऊन लागतं. रंग उडेल. त्या दुसऱ्या भिंतीवर लावा."

"इथून जंगल दिसते तिले," तो म्हणाला. "राहू द्या."

मला तेव्हा वाटलं होतं, माणसाला काहीतरी राहिलं, तेवढं तरी राहिलं. आज त्याला समोर बसवून डोळे तपासताना ते वाटणंही गेलं. तीन दांड्यांच्या खुणेचा तक्ता लावला. दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते तीन बोटांनी दाखवायचं. तो दाखवत गेला. मोठी ओळ, मधली ओळ, खालची ओळ. अगदी शेवटची, जी माझ्या स्वतःच्या डोळ्यांना आता दिसत नाही, तीही त्यानं न अडखळता दाखवली. वयोमानानं जवळचं थोडं कमी झालं आहे, पण भिंतीवरच्या फोटोशी त्याचा काही संबंध नाही.

मी बाहेर जाऊन वायरमनला फोन लावला. कुठं एखादी प्रत, एखादा तुकडा, काही आहे का? "नाई, भाऊ," तो म्हणाला. "तव्वाच पुसून टाकलो सारं."

आत येऊन मी त्याला सांगून टाकलं. तुमचे डोळे चांगले आहेत. फोटोच उडाला आहे, उन्हानं खाल्ला. दुसरा आता निघायचा नाही.

तो रागावला नाही. लहान मुलाला समजवावं तशी त्यानं माझी समजूत घातली. "नाई, भाऊ. फोटो तसाच हाये. पानी दिसते, पार दिसते. तिचंच तोंड दिसत नाई. माहे डोरे गेले. तुमी काच लावून पाहा ना."

लोकांना चष्मा लागतो आणि ते नको म्हणतात. साऱ्या हयातीत मी हेच पाहत आलो. लागत नसताना मागणारा हा पहिला. काळ सगळ्यावर औषध आहे असं म्हणतात. मी काळाला फक्त रंग उडवताना पाहिलं आहे. दुःखाचा रंग जाईल म्हणून माणूस थांबतो, आणि जातो तो जपून ठेवलेल्या वस्तूचा. हे त्याला सांगून काय उपयोग होता? मी तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि पेटीतली एकेक काच घालत गेलो. पहिली काच बिननंबरची, साधी.

"आता?"

"नाई."

दुसरी घातली. तिसरी घातली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की तो तक्त्याकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता शेजारच्या रिकाम्या खिळ्याकडे, डोळे ताणून, अगदी मन लावून.

"आता दिसतं का काही?"

"नाई, भाऊ," तो म्हणाला. "दुसरी लावा."