निजलेले बाबा, बसलेले बाबा

माझ्या बाबांचं डोकं आडवं असलं की चालायचं आणि उभं केलं की बंद पडायचं. यात माझी थट्टा काहीच नाही, सगळी वैद्यकी आहे.

केशोरीच्या रस्त्यावर त्यांच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं गेलं. मेंदूला सूज आली म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी कवटीचा उजवा तुकडा काढला आणि खराब होऊ नये म्हणून त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. भेटायला येणारी माणसं डोकं सोडून पोटच चाचपून बघायची. तीन महिन्यांनी तुकडा परत बसवला, तर त्यात पू झाला. तो काढून टाकावा लागला. पुढे ती बाजू हळूहळू आत बसत गेली आणि वाटीएवढा खड्डा पडला. बसलं की मेंदूवर बाहेरचा दाब येतो, निजलं की तो कमी होतो, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिने थांबून टायटॅनियमची जाळी बसवली की हा त्रास सुटेल.

सहा महिने झाले. बाबा तयार होईनात.

"तीनदा फाडलं, तीनदा शिवलं. मी मानूस होय का पोतं?"

मला भयंकर राग यायचा. पण बोलून उपयोग नव्हता, कारण आडवे बाबा कुणाला हार जात नव्हते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून त्यांनी धानाची अख्खी रोवणी निजल्या निजल्या करवून घेतली. "त्या कोपऱ्यात पातळ काऊन लावून राहिल्या?" म्हणून बायकांवर ओरडायचे. उताण्या माणसाला कोपरा दिसला कसा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. गावातली भांडणंही खाटेपाशी येऊन मिटायला लागली.

अशात मला पाहायला सडक अर्जुनीहून पावणे आले. बाबांना निजून राहावं लागतं, एवढं त्यांना आधीच सांगितलं होतं. आईने ओसरीत खाट टाकली, उशी ठेवली. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"पावन्याईसमोर पाय पसरून निजू? काही इज्जत हाय का नाही?"

इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून ते खुर्चीवर ताठ बसले. सुरुवातीला धान, पाऊसपाणी, सोयरेधायरे, सगळं नीट चाललं होतं. मी पोहे घेऊन आले, पाटावर बसले. मुलाच्या वडिलांनी तोंड उघडायच्या आत बाबांनीच मला विचारलं, "कोन्या गावची व माय तू?"

पावण्यांना वाटलं, गंमत करताहेत. मलाही तसंच वाटलं.

"शिकली किती? रोवना येते का?"

मी काय करणार? माझ्याच बापाला माझं गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, रोवणी येते म्हणाले. बाबांनी समाधानाने मान हलवली, मुलाच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्याले तं पोट्टी पसंत हाय. तिच्या बापाले बलवा, आत्ताच बोलून टाकू."

मुलाचे वडील "हो हो" करत पोहे खात राहिले. मुलगा दिसायला कसा होता, ते मला आजही सांगता येणार नाही. पाहुणचाराला आलेल्या माझ्या मामाने बाबांना उचलून खाटेवर निजवलं आणि पावणे जरा घाईनेच निघाले.

अर्ध्या तासाने बाबा ताळ्यावर आले. "काय बोललो मी?"

"काही नाही, चांगलंच बोलले," आई म्हणाली.

मला ते खोटं सहन झालं नाही. "तुमी मले ओरखलं नाही, बाबा. मलेच पसंत केलं, आन माह्या बापाले बलवा म्हनाले."

ते हसतील असं वाटलं होतं. अपघातापासून आम्ही सगळं हसण्यावारीच नेत होतो. पण ते आढ्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी दोन्हीकडून कानांत उतरत गेलं. मी पदराने पुसलं. मग म्हणाले, "कन्यादान निजून करता येते का व?"

"नाही येत, बाबा."

"मंग आन ते नागपूरची फाईल."