दुसऱ्यांचे खिळे

आमच्या नव्या घरातलं घड्याळ वर्षभराहून जास्त काळ खालीच होतं. काळ्या पत्र्याच्या पेटीवर, भिंतीला टेकवून. वेळ बघायची तर वाकावं लागायचं. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "घर बांधलं का गोदाम बांधलं वं?" मी म्हणायची, लावू हो, लावू, घाई काय आहे!

घाई नव्हतीच. नवरा फौजेतून रिटायर होऊन आला, आम्ही गोंदियाजवळ कामठ्याला सासरच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घराशेजारी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं, रंगही दिला. भिंती अशा गुळगुळीत की हात फिरवत राहावा. पण चारही भिंती कोऱ्या. ना कॅलेंडर, ना देवाचा फोटो, ना साधी पिशवी टांगायला खुंटी. बघायला आलेल्या बाया विचारायच्या, "घर खाली करून राहिले का?"

आता यांना काय सांगायचं? क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हे मी लग्नानंतर स्वयंपाकाच्याही आधी शिकले. सरकारी घर. सोडताना तपासायला माणूस येतो, भिंतीला नवं भोक दिसलं की पगारातून कापतात. तरी एखादा खिळा ठोकलाच, तर निघायच्या आधी नवरा त्या भोकात पांढरी टूथपेस्ट भरायचा आणि बोटानं सपाट करायचा. ही युक्ती तमाम फौजी बायकांना ठाऊक आहे. आमच्याकडे टूथपेस्ट दातांपेक्षा भिंतींनीच जास्त खाल्ली.

म्हणून आधीचं कुटुंब जे खिळे सोडून जाई, त्यांवरच आपला संसार टांगायचा. आसामात आमचं घड्याळ मोरीच्या दाराशी होतं, कारण खिळा तिथंच होता. राजस्थानात देव दारामागे गेले. पोरगी लहान असल्यापासून आरसा मागायची, तिच्या उंचीला लावलेला. तिच्या उंचीला कोणी खिळा ठोकून ठेवलेला नसायचा. मी म्हणायची, "पुढच्या घरी, बेटा."

आणि नव्या घरात आलो तेव्हा आमच्या आधी तिथं कोणी राहिलेलंच नव्हतं! खिळे येणार कुठून? आम्ही दोघं नवरा-बायको भिंतीकडे बघत राहिलो आणि घड्याळ पेटीवर ठेवून दिलं. हसू येतं आता. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही.

खोटं कशाला बोलू, त्या फिरण्यात मजाही होती. ट्रकमधून सामान उतरायच्या आत शेजारची बाई डब्यात रोट्या आणि भाजी घेऊन हजर. ओळख ना पाळख! डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून मी आपल्याकडचे तांदळाचे आयते करून द्यायची. एक पंजाबी शेजारीण त्यांना सफेद डोसा म्हणायची आणि उभ्या उभ्या पाच-सहा खायची. नवरा सरहद्दीवर, पोरगी तापानं फणफणलेली, तेव्हा हीच बाई माझ्या दाराशी खाट टाकून बसली होती. मग तिच्या नवऱ्याची बदली आली. स्टेशनवर आम्ही दोघी अशा रडलो की हमालही थांबून बघू लागले. पोरगी मात्र रडली नाही. ती कधीच रडायची नाही. शाळा इतक्या बदलल्या की नव्या वर्गात शेजारच्या मुलीचं नाव विचारणंच तिनं सोडून दिलं. "कायको पूछूं मम्मी? जाना तो है ही."

हे ऐकून काळजात कळ यायची. पण दोन-अडीच वर्षं झाली की माझेच पाय शिवशिवायला लागायचे, हेही तितकंच खरं. पायाला भिंगरीच लागली म्हणा ना. कामठ्याला आल्यावर तर फारच. घर बदलता येईना, म्हणून मी पलंग हलवायची. आज खिडकीशी, उद्या दाराशी. सासूबाई म्हणायच्या, "काल इथं निजली होती, आज तिथं काऊन?" भाजीच्या निमित्तानं गोंदियाला जायची आणि भाजी राहिली बाजूला, स्टेशनच्या पुलावर उभी राहून गाड्या बघायची. घरी आलं की तीच विहीर, तेच अंगण, तीच माणसं तेच विचारतात. जीव नुसता घुसमटायचा.

ओसरीत आमची लाकडी खोकी रचलेली होती, बदलीच्या सामानाची. वर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा नंबर. सासूबाईंचा डोळा त्यांच्यावर. "मले दे ना, कोंबड्याइले खुराडा होते." मी खोक्यांना हात लावू देत नव्हते. कायले पाहिजे तुले, असं त्यांनी विचारलं की मी खोक्यांवरची धूळ झटकायला लागायची.

दिवाळी झाली आणि नवऱ्याच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. दूर पहाडात एका डेपोवर पहारेकऱ्यांची भरती होती. राहायला क्वार्टर, बायको-पोरांसकट. आठवड्यात कळवायचं होतं. नवऱ्यानं जेवताना सांगितलं आणि ताटात बघत म्हणाला, "तू सांग."

"मी काय सांगू? नोकरी तुमची."

असं म्हटलं खरं, पण मनात मी रजया मोजायला लागले होते. कोणत्या पेटीत गरम कपडे, कोणत्या खोक्यात भांडी. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पोरगी ताटावरून उठली. तिचं बारावीचं वर्ष. आणि महिन्याभरापूर्वीच तिनं वर्गातली एक मैत्रीण घरी आणली होती. आयुष्यात पहिली.

चार दिवस कोणी विषय काढला नाही. नवरा खळ्यावर धानाच्या चुरण्यात, मळणीत, मी पलंग हलवण्यात.

रविवारी मी गोंदियाहून भाजी घेऊन आले तर अंगणातच आवाज. ठक, ठक, ठक. "कोण ठोकून राहिलं वो भिंतीत?" ओरडतच आत गेले. पोरगी भिंतीला भिडलेली, एका हातात खिळा, दुसऱ्या हातात वरवंटा! गिलाव्याचा हा मोठा पोपडा खाली पडलेला.

"अगं बाई, भिंत! नवी भिंत! कापतील ना..."

"कौन काटेगा, मम्मी?"

मी खाली वाकून पोपड्याचे तुकडे गोळा करायला लागले.

"बोल ना. कोण येणार आहे चेक करायला? आजी?"

दारात सासूबाई उभ्याच होत्या. "मी कायले कापू?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नवरा खळ्यावरून आला. भिंतीला पडलेलं खिंडार बघितलं, लोंबणारा खिळा बघितला. सरळ मोरीत गेला आणि टूथपेस्ट घेऊन आला. शप्पथ! झाकणही उघडलं होतं. त्याचं त्यालाही कळलं नसेल.

ते बघून पोरगी रडायला लागली. हुंदके देऊन, लहान पोरासारखी. "नको ना भरू, पापा! तुम्हाला जायचं तर जा. मी नाही येत. मी आजीजवळ राहीन. मला आरसा लावायचाय." पलंगाखालून तिनं कागदात गुंडाळलेला आरसा काढला, लाल काठाचा. कधी घेतला कोण जाणे.

नवरा म्हणाला, "मी कुठं जातो म्हटलं, बेटा? मले वाटलं, तुझ्या मम्मीलेच जायचं आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इतका राग आला! कोणाचा, ते माहीत नाही. "हो, जायचं आहे!" मी म्हटलं. "नाही लागत माझं मन इथं. सकाळी उठलं की जीव नुसता पळून राहिला. मी काय करू?" आणि मीही रडले. भाजीची पिशवी हातातच.

सासूबाईंनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "मंग तू जाऊन ये ना वं चार दिवस. पोरीले कायले ओढतं?"

जाऊन ये. किती साधा शब्द. एवढ्या वर्षांत आम्ही नुसते जात राहिलो. जाऊन परत आलो, असं एक गाव नव्हतं.

नवरा ओसरीत गेला. खाडकन आवाज झाला. वरच्या खोक्याची फळी त्यानं उपटली होती. मी थांबवलं नाही. करवतीनं त्यानं बोटाएवढी लाकडाची गुट्टी कापली, भिंतीतल्या भोकात घट्ट बसवली आणि तिच्यात खिळा ठोकला. गुट्टीवर त्याच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्याचा पांढरा रंग होता. मग बाजूच्या फटीत टूथपेस्ट भरलीच! सवय कुठं जाते? पोरगी नाक पुसत हसायला लागली.

डेपोला नाही कळवलं. उरलेली खोकी मीच सासूबाईंच्या अंगणात नेऊन टाकली. त्यात आता कोंबड्या अंडी घालून राहिल्या.

मन लागलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पलंग परवाच हलवला. ती पंजाबी शेजारीण सध्या जबलपूरला असते, गोंदियाहून गाडी आहे. गेल्या आठवड्यात निघाले तिच्याकडे, एकच पिशवी घेऊन, त्यात आयत्यांसाठी तांदळाचं पीठ. घड्याळात बघून घाईनं चप्पल घातली. वाकावं लागलं नाही, घड्याळ आता वर आहे, दुसऱ्या गुट्टीवर. पोरगी आरशासमोर वेणी घालत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जाऊन ये, मम्मी," म्हणाली.