दोन्हीकून कसलं?

हे मी आजपर्यंत कोणाजवळच बोललो नाई. बायकोजवळ नाई, ताईजवळ तं नाईच नाई. देवळात हात जोडतो तवाही ह्या गोष्टीच्या बाजूनं निघून जातो — त्याले माहीतच असंल म्हणतो, घंटी वाजवतो अन् घरी येतो. आता तुमाले सांगून राह्यलो. काऊन तुमालेच? तुमी मले ओळखत नाई म्हणून. एवढीच माही हिंमत, बाप्पा.

गोष्ट तशी एका कागदाची आहे. रेगमाल म्हणा, पॉलिशपेपर म्हणा, आमच्या धंद्यात नुसतं कागद म्हणतात. लाकडाची जमीन घासायची मोठी मशीन राह्यते, दांडा धरून ढकलत न्यायची. तिच्या पोटात एक आडवा ड्रम फिरते. कागदाची दोन टोकं त्या ड्रमच्या फटीत घालायची, हातानं ताणून बसवायची अन् चावीनं कसायची — ह्या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा. दोन्हीकून. एकच बाजू कसली तरी कागद थोडा वेळ टिकते. मंग सरकते, गोळा होते, अन् — सांगतो. थांबा जरा.

आधी भाऊजी सांगतो. भाऊजी म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचे मालक, आंजी गावचे. सुतारकामात त्याईचं नाव होतं, अन् नागपूरहून जुनी घासाईची मशीन आणली तवापासून तं वर्धेपासून हिंगणघाटपर्यंत कोणाची लाकडी जमीन असो, बोलावणं भाऊजीलेच येत होतं. माही जिनिंगमधली नोकरी सुटली तवा मी चाळिशीचा होतो, दोन लेकरं होती, अन् हाताले काहीच काम नव्हतं. भाऊजी घरी आले, चहा पेले अन् म्हणाले, "विलास, उद्यापासून संग येत जाजो." बस, एवढंच. उपकार केला असं त्याईनं कधी तोंडावर येऊ देलं नाई. लोकं आणतात न तोंडावर, तसं नाई.

त्याईचा एक कायदा होता. ज्यानं कागद चढवला त्यानंच मशीन धरायची. दुसऱ्यानं चढवलेल्या कागदावर ते कधीच मशीन चालवत नव्हते, अन् आपल्या कागदावर दुसऱ्याले हात लावू देत नव्हते. मंग काही बिघडलं तं कोणाचं चुकलं हे विचारायचंच काम नाई. मशीन तेच धरत, अन् मी गुडघ्यावर बसून छोट्या मशीनीनं कोपरे घासत होतो. चार वर्षं कोपरेच घासले मी. मले याचा राग होता का? होता. लपवून काय करू — होता.

अजून एक सांगतो, अन् हे ध्यानात ठेवजा, काऊन का हे मले तवा पुरतं माहीत होतं. भाऊजीचे वडील शेवटी शेवटी सगळं इसरत गेलते. आंजीच्या बसस्टँडवर जाऊन बसत अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारत, माहं गाव कोणतं? भाऊजीच त्याईले हात धरून घरी आणत होते. भाऊजीले जगात दुसऱ्या कशाचंच भेव नव्हतं, पण ह्याचं होतं. एखादं नाव आठवलं नाई तं त्याईचा चेहरा पडत होता. मी ते पाह्यलं होतं. हसलोही होतो एकदा-दोनदा.

आता ते देवळी गावातलं काम. एका शाळेच्या हॉलातला लाकडी मंच घासून पॉलिश करायचा होता, गॅदरिंग तोंडावर आली होती. सागवानी फळ्या, अन् त्या फळ्या भाऊजीनंच जवानीत बसवल्या होत्या. सकाळी मंचावर चढल्यावर त्याईनं चपला काढून खाली ठेवल्या. अनवाणी चालून पाह्यलं, इकून तिकून. म्हणाले, "पंचवीस वर्सं झाली, पण एक फळी नाई हलली रे." इतकं खूश मी त्याईले कमीच पाह्यलं.

दुपारच्या जेवणाआधी त्याईनं नवीन कागद चढवला, दोन्हीकून कसला. मंग आमी डबे खाल्ले. त्याईले जेवल्यावर जरा आडवं व्हायची सवय होती, तं ते बाहेर कडुनिंबाखाली दुपट्टा डोक्याखाली घेऊन पडले. तेवढ्यात शाळेचा शिपाई आला अन् सहज बोलला, "तुमी मिस्त्रीचे हेल्पर का?" बिचाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं. पण मले असं झोंबलं का विचारू नका. चव्वेचाळीस वर्षाचा माणूस मी, केस पिकलेले, अन् हेल्पर?

मी उठलो अन् मोठी मशीन सुरू केली. आवाज बाहेर जात होता, पण भाऊजीले वाटलं असंल, विलास कोपरे घासून राह्यला. खरं सांगू, मजा आली. दांडा हातात, लाकडाचा वास, मांगं साफ पट्टा निघत चाललेला. भाऊजी घासायच्या आधी फळीफळीवर बोट फिरवून खिळे पाहत अन् वर आलेला खिळा ठोकून खाली बसवत. मांगचा कोपरा त्याईनं अजून पाह्यला नव्हता. मी कायले पाहतो? खिळ्याचं डोकं लागलं अन् कागद टर्रकन फाटला.

माहा जीवच गेला. मशीन बंद केली, वायर काढली. फाटका कागद काढून घडी केली अन् शर्टाच्या आत खुपसला. त्याच नंबरचा नवीन कागद घेतला, फटीत घातला, ताणला. एका बाजूनं चावी फिरवली. दुसऱ्या बाजूले जातच होतो तं बाहेर भाऊजीचं खाकरणं ऐकू आलं. मी चावी खिशात घातली, वायर लावली अन् पळत जाऊन कोपऱ्यात गुडघे टेकून बसलो.

भाऊजी आले. आपलाच कागद म्हणून त्याईनं वाकून पाह्यलं नाई. काऊन पाहतील? कायदाच तसा होता.

आता तुमी म्हणसान, तुह्या ध्यानातून गेलं असंल, घाईत होते माणसाकून. हो, घाईत झालं असतं तं मीच तुमाले तसं सांगतलं असतं, अन् हे सांगायले इतकी वर्षं लागली नसती. पण तसं नाई झालं. त्याईचा पह्यला पट्टा झाला. दुसऱ्या पट्ट्याले मी कोपऱ्यात सरकलो तं खिशातली चावी मांडीले रुतली. मले आठवलं — दुसरी बाजू राह्यली. तवाच आठवलं. मी तोंड उघडलं. "भाऊजी, थांबा" — दोनच शब्द होते. पण ते म्हटले तं मंग सगळंच सांगा लागलं असतं, मशीन काऊन धरली, खिळा काऊन नाई पाह्यला. मी तोंड मिटलं. म्हटलं, टिकंल. म्हटलं, एवढी रांग होऊ दे.

तिसऱ्या पट्ट्याले कागद सुटला. फटाका फुटावा असा आवाज झाला अन् मशीन उसळली. भाऊजीनं दांडा सोडला नाई म्हणून ते वाचले, नाईतं त्याईच्या पायावरच येत होती. ते वाचले असं म्हणतो मी अजूनही. मंचाच्या मधोमध, जिथं पोरी गाणं म्हणायले उभ्या राह्यतात तिथं, सागवानात वीतभर खड्डा पडला होता.

त्याईनं मशीन आडवी केली. ड्रम पाह्यला. बराच वेळ पाह्यला. मंग हळूच म्हणाले, "ही बाजू तं कसलीच नाई." मंग माह्याकडं वळले. आवाज चढवला नाई, शक करून नाई, नुसतं विचारलं, "विलास, तू तं नाई हात लावला कागदाले?"

मी म्हटलं, "नाई बाप्पा. मी कायले लावू?" वरून जरा चिडल्यासारखंही केलं — माहं नाव काऊन घेऊन राह्यले म्हणून. अन् तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक होतं. त्याईनं थैलीत चावी शोधली. नव्हती. कशी असंल? दोनदा थैली उलटीपालटी केली, मंग कपाळाले हात लावून उभे राह्यले, "कोठी ठेवली मी?" मी म्हटलं, द्या, पाहू द्या. खिशातली चावी मुठीत घेतली, थैलीत हात घातला, ती आत सोडली अन् वर काढून दाखवली. म्हटलं, "हे काय, इथंच तं आहे. तुमाले दिसली नाई का?"

हे मी केलं. ह्या हातानं केलं. आपल्याच बहिणीच्या कपाळाले काय लावून राह्यलो, हे मले तवा कळत होतं.

भाऊजी स्वतः हेडमास्तरकडं गेले अन् म्हणाले, "सर, माह्या हातून झालं." ती फळी त्याईनं काढली, नवीन बसवली. नवीन फळीचा रंग अजूनही वेगळा दिसते. परत येतानी माह्या गाडीवर मांगं बसले होते. आंजी येत आली. मंग माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबाचंही असंच सुरू झालतं रे." मी गाडी चालवत राह्यलो. रस्ता मोकळा होता, गाडी थांबवता येत होती.

त्यानंतर त्याईनं मशीनीले हात लावला नाई. म्हणाले, आता तूच धर. अन् मी धरली! आता लोकं मले मिस्त्री म्हणतात. भाऊजी घराबाहेर निघाले का दोनदा वापस येतात — गॅस पाहायले, कुलूप पाहायले. नातीले बाजारात नेत नाईत. ताई एक दिवस रडत होती, "म्हणतात, कोठी इसरून आलो लेकराले तं?" वर्धेले डॉक्टरले दाखवलं. संग मीच गेलतो. डॉक्टर म्हणाले, काही नाई, तब्येत चांगली आहे, डोकंही चांगलं आहे. ताईनं हात जोडले. भाऊजी बाहेर बाकड्यावर येऊन माह्याजवळ बसले अन् हसले, "त्याईले काय माहीत, मी देवळीत काय करून बसलो." मले माहीत होतं. मी त्याईच्या बाजूलेच बसलो होतो, खांद्याले खांदा लागून. मी म्हटलं, चहा घेता का?

ह्याले सहा वर्षं झाली. भाऊजी चांगले आहेत. काहीच इसरत नाईत, त्या दिवसाची तं एक एक गोष्ट त्याईले आठवते — जी झाली नाई तीही.

मशीन अजून त्याईच्याच छपरीत राह्यते. दर सोमवारी सकाळी मी ती न्याले आंजीले जातो. भाऊजी वायर आणून देतात, चावी माह्या हातात ठेवतात, अन् दर वेळचंच विचारतात, "दोन्हीकून कसशीन न?"

उद्या सोमवार आहे. ते विचारतील. मी हो म्हणीन.