खुराड्याची इर्जिक

आमच्या अंगणातलं खुराडं मागच्या पावसाळ्यात एका बाजूने बसलं, तेव्हा आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याआधीच मानमोडीचा रोग येऊन तिच्या साऱ्या कोंबड्या गेल्या होत्या. वाचला फक्त एक तांबडा कोंबडा. तो माझ्या मोटारसायकलच्या सीटवर झोपायचा आणि रोज सकाळी शाळेत शिकवायला निघण्याआधी मला सीट धुवावी लागायची. मी कुरकुरलो की आई म्हणायची, "त्याच्यावर काऊन रागावतं बाप्पा? एकटा हाय तो." मीही या घरात एकटाच लेक आहे, पण माझी बाजू तिने एवढ्या तत्परतेने कधी घेतली नाही.

शेवटी वैतागून मी ठरवलं, खुराडं नीट करायचं आणि उटनूरच्या बाजारातून चार तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणायच्या. मला खिळा ठोकायला दिला तर आधी माझं बोट ठेचतं. म्हणून रविवारसाठी शेजारच्या काकांना इर्जिकीचं सांगून आलो. बेला गावाकडच्या आमच्या भागात इर्जिकीला मजुरी नसते. कामाला आलेल्याला पोटभर जेवू घालायचं, आणि ते जेवण वरणभाताचं नसतं, घरच्या कोंबडीचं असतं.

काका दोन सोबत्यांना घेऊन उजाडताच आले. जुन्या भिंतीची माती भिजवून तुडवली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड विणला, त्यावर शेणमातीचा गिलावा चढवला. कोंबडा सारखा मधेमधे करत मातीतले किडे टिपत होता. काकांनी त्याला डोक्यापासून नखापर्यंत न्याहाळलं. "मास्तर, तंगड्या मजबूत हायेत बरं याच्या." सोबती हसले. मीही हसलो, आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कोंबड्याचं घर बांधायला मी माणसं बोलावली होती, आणि त्यांना जेवू घालायला घरात तोच एक कोंबडा होता. वर्गात पोरांना 'आधी विचार करा' म्हणून ओरडणारा मास्तर तो हाच.

मी चुलीपाशी गेलो. "आई, बेल्याला जाऊन दुकानातली कोंबडी आणतो."

आई फणकारली. "अंगनात कोंबडा फिरून राह्यला अन् घाम गाळनाऱ्याले पिशवीतली पांढरी कोंबडी? ताटावरून उठून जातील लोकं!"

"मग याला कापायचं?"

"मंग काय पुजाचं?" म्हणाली खरी, पण तोंड भिंतीकडे वळवून. मला स्वतःचा इतका राग आला की वाटेतल्या बादलीला उगाच लाथ मारली. पाय माझाच दुखला.

दुपारी पत्रा चढला, दार बसलं. आईने मुठीत ज्वारी घेऊन कोंबड्याला हाक दिली. तो बिचारा पळतच आला. तिने त्याला काखेत घेतलं, मानेवरून एकदा हात फिरवला आणि काकांपुढे धरला. "घ्या भाऊजी."

काकांनी कोंबडा हातावर तोलला. मग ते खाली वाकले, त्याला नव्या खुराड्यात लोटलं आणि दार लावलं.

"बसते दार बराबर," ते म्हणाले. "वहिनी, आमी याचं घर बांधलं. आता घरवाल्यालेच खाऊन जाऊ काय? पातोड्या करा. मसाला मातर कोंबड्याचाच घाला."

आईने बेसनाच्या पातोड्या थापल्या आणि रश्श्यावर असा लाल तवंग आणला की सोबत्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी वाट्या पुढे येतच राहिल्या. भाकरी चुरता चुरता काकांनी ताट सरकवलं. "वहिनी, तंगडी मले वाढजा."

"दोनी घ्या," म्हणत आईने त्यांच्या ताटात दोन पातोड्या टाकल्या आणि खळखळून हसली. कोंबड्या गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की माझा घास हातातच राहिला.

त्या दिवशी कोंबडा गेला असता, तरी ती मला एका शब्दाने बोलली नसती. पण मी शाळेत गेल्यावर दिवसभर त्याच्याशी बोलते, तशी मग कुणाशीच बोलली नसती.